टक आणि चुण्या

डॉक्टरांनी कागदावर तीन आकृत्या काढल्या आणि तो कागद ताईसमोर सरकवला. ताईनं क्षणभर पाहिलं आणि कागद माझ्याकडे दिला. "तूच बघ गं, हे तुझ्या कामाचं दिसतंय."

ओघळलेले स्तन वर बसवायच्या शस्त्रक्रियेच्या, म्हणजे ब्रेस्ट लिफ्टच्या, त्या तीन पद्धती होत्या. कागद खरंच माझ्या कामाचा दिसत होता. पहिल्या आकृतीत नुसतं एक वर्तुळ होतं. दुसरीत त्याच वर्तुळाखालून एक उभी रेघ उतरत होती. तिसरीत त्या उभ्या रेघेच्या खालच्या टोकाला एक आडवी, किंचित बाकदार रेघ जोडलेली होती. मी २४ वर्षं कपडे बेततेय, शिवतेय. तो कागद मला बेताच्या कागदासारखाच वाटला. कुठे कापायचं, काय मिटवायचं आणि शिवण कुठे लपवायची, एवढंच त्यात होतं. फरक इतकाच की हे कापड ताईचं अंग होतं आणि चुकलं तर उसवून पुन्हा शिवायची सोय नव्हती.

ताईनं दोन वर्षांत ३५ किलो वजन उतरवलं होतं. त्या आनंदात पहिले काही महिने गेले. मग ती वेगानं चालायला लागली, पुढे हळूहळू पळायला लागली, आणि एक दिवस मला कळलं की ती एकावर एक दोन ब्रा घालून पळते. तरी वळणावर, उतारावर दोन्ही हात छातीशी धरावे लागतात. स्तनाखालच्या घडीत घामानं पुरळ उठायचं, ते बरं व्हायचं, पुन्हा उठायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही सांगितलं ते मापं घेताना, माझ्या हातात टेप होती म्हणून.

आपल्या भाषेत स्तन 'ओघळतात'. मला हा शब्द फार आवडतो आणि या बाबतीत तो थोडा खुपतोही. फुलं ओघळतात, मणी ओघळतात, अश्रू ओघळतात. म्हणजे काहीतरी सुटून जातं. स्तन सुटत नाही, तो तिथेच असतो. त्याला धरून ठेवणारं तेवढं सैल झालेलं असतं. डॉक्टर यालाच टोसिस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पडणं असा आहे आणि उतरलेल्या पापणीलाही हाच शब्द वापरतात. लंडनचे सर्जन ॲस्टली कूपर यांनी १८४० मध्ये स्तनाच्या रचनेचं वर्णन लिहिलं. त्वचेपासून आत, ग्रंथी आणि चरबीमधून छातीच्या भिंतीकडे जाणारे चिवट तंतूंचे पडदे त्यांनी नोंदवले. आजही त्यांना कूपरचे अस्थिबंध म्हणतात. स्तनात स्नायू नसतो. स्नायू असतो तो त्याच्या मागे, छातीवर. म्हणून व्यायामानं छाती बळकट होते, पण ताणलेले तंतू आणि ताणलेली त्वचा मागे येत नाहीत. ताईनं वर्षभर डंबेल उचलले होते. ते वाया गेले असं मी म्हणणार नाही, खांदे सुरेख झाले. पण ज्यासाठी उचलले ते होणार नव्हतं आणि हे तिला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. डॉक्टर वही काढून माहिती लिहीत होत्या तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "दोघांना भरपूर पाजलं ना, त्याचंच हे." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. केंटकी विद्यापीठातल्या सर्जनांनी हा प्रश्न तपासला होता, म्हणाल्या, आणि तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वय, वजनाचं प्रमाण, किती गरोदरपणं झाली, आधीचा आकार किती मोठा होता, धूम्रपान, या सगळ्याचा संबंध दिसला. स्तनपानाचा स्वतंत्र संबंध दिसला नाही. गरोदरपणात स्तन भरतो, मग रिता होतो. पाजलं काय, न पाजलं काय, ते होतंच. ताई काही बोलली नाही. तिचा धाकटा मुलगा तेव्हा १९ वर्षांचा होता. म्हणजे १९ वर्षं ती हा हिशोब मनात बाळगून होती.

या डॉक्टर दुसऱ्या. आधी आम्ही एका ठिकाणी जाऊन आलो होतो. तिथल्या सर्जननी पाच मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, "काळजी करू नका, फक्त वर्तुळात काम होईल. व्रण दिसणारही नाही." ताई हरखून गेली. लिफ्टचे प्रकार वाचून तिला तोच हवा होता, स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेनं एकच गोल टाका. मला मात्र काहीतरी टोचत होतं आणि काय ते सांगता येत नव्हतं. त्यांनी टेप लावलीच नव्हती, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी ताईला उभं केलं, हात सैल सोडायला सांगितले आणि मोजलं. मानेच्या पायथ्याच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत एका बाजूला २८ सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला २९. वर राहिलेल्या स्तनात हे अंतर साधारण २१च्या आसपास असतं, आणि दोन बाजू तंतोतंत सारख्या बहुतेक कुणाच्याच नसतात. पण त्यांना जास्त रस होता तो घडीत. स्तनाची खालची कड जिथे छातीला मिळते ती घडी, आणि तिच्या तुलनेत स्तनाग्र कुठे आहे. पॉल रेन्यो नावाच्या कॅनडातल्या महिला सर्जननी १९७६ मध्ये या एका नात्यावरून पायऱ्या ठरवून दिल्या आणि जगभर अजून त्याच वापरतात. पहिल्या पायरीत स्तनाग्र घडीच्या पातळीवर आलेलं असतं. दुसरीत ते घडीच्या खाली गेलेलं असतं, तरी स्तनाचा काही भाग अजून त्याच्याही खाली असतो. तिसरीत स्तनाग्रच सगळ्यात खाली असतं आणि जमिनीकडे पाहत असतं. शिवाय एक फसवा प्रकार असतो. त्यात स्तनाग्र जागच्या जागी असतं, फक्त खालचा भार घडीखाली उतरलेला असतो. ताई तिसऱ्या पायरीवर होती. दोन्हीकडे.

मग त्यांनी तो तीन आकृत्यांचा कागद काढला आणि मला टोचत होतं ते काय होतं, ते उमगलं.

समजा, एका मोठ्या गोलाची कड लहान गोलात बसवायची आहे. तुम्ही कडेला धावदोरा घालता आणि ओढता. चुण्या पडतात, कापड जमा होतं. थोडंच कापड असेल तर चुण्या इस्त्रीनं बसतात. जास्त असेल तर कड जाड होते, मधला भाग चपटा पडतो आणि दोरा ढिला झाला की गोल पुन्हा पसरतो. वर्तुळाचा लिफ्ट अगदी असाच आहे. गडद वर्तुळाभोवती त्वचेचं एक कडं आखतात, त्याचा फक्त वरचा थर सोलतात आणि बाहेरची कड आतल्या कडेशी आणून शिवतात. फ्रान्सचे लुई बेनेली यांनी १९९० मध्ये यात एक न विरघळणारा टाका सांगितला. तो पिशवीच्या नाडीसारखा गोल ओवून आवळतात, म्हणजे कड पसरायचा धोका कमी होतो. पहिल्या पायरीसाठी, लहान स्तनांसाठी, थोड्या सैल झालेल्यांसाठी हा चांगला उपाय आहे. याहून लहान काम असेल तर वर्तुळाच्या वरच्या बाजूनं चंद्रकोरीएवढाच तुकडा काढतात. त्यानं एखाद-दोन सेंटिमीटर उचल मिळते, क्वचित एका बाजूचा फरक भरून निघतो. पण ताईच्या २८-२९ सेंटिमीटरला नाडी ओढली असती तर चुण्या, चपटा आकार आणि काही महिन्यांनी पसरलेलं वर्तुळ, हेच पदरात पडलं असतं.

टकाची गोष्ट वेगळी. सपाट कापडातून त्रिकोणी पाचर मिटवली की कापड उभं राहतं, त्याला पोट येतं, टोक येतं. चुण्यांनी कापड जमतं, टकानं ते उभं राहतं. दुसऱ्या आकृतीतली उभी रेघ म्हणजे टक. वर्तुळ आणि खाली घडीपर्यंत एक सरळ टाका. काठीवरच्या गोळीसारखा दिसतो म्हणून त्याला लॉलीपॉप लिफ्ट म्हणतात, सर्जन मात्र उभ्या व्रणाची पद्धत म्हणतात. याचं मोठं श्रेय ब्रसेल्सच्या मादलेन लेजूर आणि कॅनडाच्या एलिझाबेथ हॉल-फिंडले यांना जातं. हॉल-फिंडले यांनी १९९९ मध्ये ती पद्धत बरीच सोपी करून मांडली. (पायऱ्या ठरवणाऱ्या रेन्यो, या दोघी आणि ताईच्या डॉक्टर, अशी बायकांची एक रांगच मला त्या कागदामागे दिसायला लागली होती. मला त्याचा फार आधार वाटला.) या पद्धतीतला मुद्दा मला शिवणकामाच्या सगळ्या वर्षांत कळला नव्हता इतका मोठा आहे. नवा आकार त्वचेवर सोपवायचा नाही. त्वचा ताणते, ती पुन्हा सैल होणारच. आत ग्रंथीचे दोन खांब असतात, आतल्या बाजूचा आणि बाहेरच्या बाजूचा. ते मध्ये आणून एकमेकांना शिवायचे, म्हणजे भार आत तोलला जातो. त्वचा वरून नुसती बसते. अस्तर नीट बेतलं की वरचं कापड आपोआप पडतं, तसं.

तिसरी आकृती जहाजाच्या नांगराची, किंवा उलट्या टी-ची. वर्तुळ, उभी रेघ आणि घडीतून जाणारी आडवी रेघ. उभ्या टकानंही बरीच त्वचा उरते तेव्हा ती खालच्या बाजूनं आडवी काढावी लागते. याचा बेत ह्यूस्टनच्या रॉबर्ट वाइज यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो त्यांनी ब्रेसियरच्या बेतांवरून घेतला होता. हे ऐकून मी खुर्चीत सरळ बसले. म्हणजे कुणा शिवणाऱ्याच्या टेबलावरचा कागद ऑपरेशन थिएटरात गेला होता आणि अजून तिथेच आहे.

"म्हणजे माझं हे," ताई तिसऱ्या आकृतीवर बोट ठेवून म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"हो. व्रण सगळ्यात लांब. पण आडवा भाग घडीत लपतो, आणि आकार तुमच्या त्वचेला झेपेल असा येतो. वजन इतकं उतरलं की त्वचेतले लवचीक तंतू थकलेले असतात. त्यांच्यावर कमी विसंबायला हवं."

लिफ्टच्या प्रकारांबद्दल लिहिलेल्या मजकुरात बहुतेकदा व्रण कमी तितकी पद्धत चांगली, अशी उतरंड लावलेली असते. ती मला खोटी वाटते. व्रण हा इथे खर्च आहे आणि त्या बदल्यात आकार मिळतो. कमी खर्चात चुकीची वस्तू घेतली तर ती स्वस्त पडत नाही. ताईला पहिल्या ठिकाणी न दिसणारा व्रण देऊ केला होता, पण तो घेऊन तिला पळता आलं नसतं.

घरी परतताना ती एकदम म्हणाली, "मग ते स्तनाग्र कापून वर लावतात ना?" हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडं थांबते. नाही, कापून वेगळं करत नाहीत. गडद वर्तुळाभोवतीची त्वचा सोडवतात, पण स्तनाग्र आतल्या ऊतींच्या एका रुंद देठावर तसंच राहतं. त्या देठातून रक्त येतं, चेतातंतू येतात, दूधवाहिन्याही बऱ्याच अंशी शाबूत राहतात. देठासकट ते वर सरकवतात, पिशवीचं झाकण हलवावं तसं. देठ वरून ठेवायचा, आतल्या बाजूनं की खालून, हा सर्जनचा निर्णय असतो, आणि बाहेरच्या रेघांइतकाच, कदाचित जास्तच महत्त्वाचा. संवेदना बधिर होते ती बहुतेकींची महिन्यांत परतते, काहींची पूर्ण परतत नाही. स्तनाग्राचं रक्त तुटून ते दगावणं क्वचित घडतं. धूम्रपानानं हा धोका वाढतो, कारण निकोटीन नेमक्या याच बारीक रक्तवाहिन्या आवळतं. म्हणून आधी आणि नंतर निदान चार आठवडे ते पूर्ण बंद ठेवायला सांगतात. पुढे मूल हवं असेल तर आधी मूल, मग लिफ्ट. नंतरही पाजता येऊ शकतं, पण त्याची हमी कुणी देत नाही, आणि नव्या गरोदरपणानं केलेलं काम पुन्हा ताणलं जातं.

इम्प्लांटचा, म्हणजे स्तनात बसवायच्या कृत्रिम भरावाचा, प्रश्न ताईनंच काढला. ब्रा घातल्यावर वरच्या बाजूला जो भरीवपणा दिसतो तो तिला कायमचा हवा होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की लिफ्ट असलेलंच वर नेतो, नवं काही भरत नाही. वरचा तो उभार हवा तर इम्प्लांट. पण इम्प्लांट म्हणजे थकलेल्या त्वचेवर वजन. एकाच शस्त्रक्रियेत एक हात पिशवी आवळतो आणि दुसरा हात तिला आतून ताणतो. काही सर्जन दोन्ही एकदम करतात, काही काही महिन्यांच्या अंतरानं करतात. पुन्हा टेबलावर यायची शक्यता नुसत्या लिफ्टपेक्षा जास्त, आणि इम्प्लांट जन्मभर टिकणारी वस्तूही नाही. तिसरा एक रस्ता होता. खालच्या भागातली जी ऊती एरवी काढून टाकली असती तीच आत दुमडून वरच्या बाजूला भरावासाठी वापरायची. जुन्याच कापडाचं अस्तर. ताईनं ते निवडलं. मी तिला काहीच सुचवलं नव्हतं, तरी मला फार बरं वाटलं.

आधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, झाली. पुढे आतल्या व्रणांमुळे, चरबीच्या कडक झालेल्या गाठींमुळे प्रतिमा वेगळी दिसू शकते. तुलनेला जुनी प्रतिमा हाताशी हवी. आणि वजन निदान सहा महिने एकाच जागी थांबलेलं हवं, ते तिचं होतं.

त्या सकाळी भूल देण्याआधी डॉक्टरांनी तिला उभं करून मार्करनं आखलं. मी कोपऱ्यात होते. झोपवून का आखत नाहीत, हे मला विचारावं लागलं नाही. झोपल्यावर स्तन बगलेकडे सरकतो, तिथलं माप खोटं. खळगीपासून मध्यरेषा, प्रत्येक बाजूची उभी रेषा, घडी. मग त्यांनी एका हाताची बोटं घडीत खालून ठेवली आणि दुसऱ्या हातानं पुढच्या बाजूला तीच पातळी शोधून ठिपका दिला. स्तनाग्राची नवी जागा साधारण तिथे असते. ब्राझीलचे सर्जन इव्हो पितांगी यांच्या नावानं तो बिंदू ओळखतात. ठिपका दिल्यावर दोन पावलं मागे जाऊन त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. मीही गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करून असंच पाहते.

आत काय झालं ते नंतर डॉक्टरांनी मला सांगितलं, मी कपडे शिवते हे त्यांना ठाऊक झालं होतं म्हणून. आखलेली त्वचा लगेच कापत नाहीत. आधी ती स्टेपलनं तात्पुरती जोडतात, टेबल उचलून पेशंटला भुलेतच बसतं करतात, दोन्ही बाजू पाहतात, स्टेपल काढतात, सरकवतात, पुन्हा लावतात. मग कातर. या कृतीला सर्जनांच्या भाषेतही शिंप्याचा कच्चा टाकाच म्हणतात. जवळजवळ तीन तास लागले. मी बाहेर बसून त्या तीन तासांत एकच गोष्ट मनात धरली होती, की कच्चा टाका घातलाय, घाई नाहीये.

पहिले दहा दिवस हात खांद्याच्या वर न्यायचे नव्हते. तिचे केस मी धुतले. लहानपणी ती माझे धुवायची. ती उताणी झोपायला वैतागायची. तारा नसलेली, पुढून हुक असलेली सर्जिकल ब्रा दिवसरात्र घालायची होती. जड उचलायचं नाही, पळायचं तर नाहीच, सहा आठवडे. पहिल्यांदा ड्रेसिंग उघडलं तेव्हा ती रडली. स्तन फार उंच, वर फुगलेले आणि खाली सपाट दिसत होते, उभ्या टाक्याला बारीक चुण्या होत्या. सुजेपोटी आणि मुद्दाम थोडं वर शिवल्यामुळे ते तसं दिसतं, काही आठवड्यांत भार खाली बसतो, हे आम्हाला सांगितलेलं होतं. पण सांगितलेलं त्या क्षणी कुठे आठवतं? मीच कागद काढून तिला वाचून दाखवला.

तिसऱ्या आठवड्यात उजव्या बाजूला, उभी आणि आडवी शिवण मिळते तिथे, करंगळीच्या नखाएवढी जखम उघडली. ही या पद्धतीची ओळखीची कमजोर जागा. तीन कडा एका बिंदूवर येतात, ताण तिथेच सगळ्यात जास्त आणि रक्त सगळ्यात उशिरा पोचतं. माझ्या मशीनवरही तीन शिवणी मिळतात तिथेच सुई अडते. रोज ड्रेसिंग करून ती महिन्याभरात भरली. त्या महिन्यात ताई दोनदा म्हणाली की नको होतं करायला. मी दोन्ही वेळा गप्प बसले, कारण खोटा धीर द्यायची माझी इच्छा नव्हती आणि खरा धीर माझ्याकडे नव्हता.

आता सहा महिने झालेत. आकार बराचसा ठरलाय, वर्षभर अजून बारीक बदल होत राहतील. व्रण अजून गुलाबी आणि थोडे उंच आहेत. ते मऊ आणि फिके व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि सावळ्या त्वचेत ते जाड होण्याची शक्यता जास्त असते. हे स्तनही वयाबरोबर हळूहळू खाली येतील, त्याला कुठला टाका नाही. पुरळ थांबलंय. गेल्या आठवड्यात ती एका ब्रामध्ये पळून आली, अर्धा तास.

व्रणांवर रोज बराच वेळ सिलिकॉनच्या पट्ट्या लावायच्या असतात, काही महिने. तयार पट्ट्या तिच्या घडीच्या बाकात बसत नव्हत्या, टोकं उचलली जायची. मग मी तिला समोर उभं केलं, पारदर्शक कागद तिच्या अंगावर धरून पेन्सिलीनं व्रण उतरवून घेतला, वर्तुळ, उभी रेघ, आडवा बाक, आणि सिलिकॉनच्या मोठ्या तुकड्यावर तो बेत ठेवून कापायला घेतलं. डावा आणि उजवा वेगळे निघाले, तेव्हा कागदावर तशी अक्षरं घातली.

"कोपरे गोल कर गं," ताई आरशात पाहत म्हणाली, "टोकदार असले की घामानं सुटतात."

मी कातर फिरवून सगळे कोपरे गोल केले.